नावं ठेवणाऱ्या बायका

लोहाऱ्यात कुणाच्या अंगणातली भेंडी चांगली आली, तर बघायला येणाऱ्या बाईनं पहिलं काय बोलायचं हे ठरलेलं आहे. "जून झाली का गं?" असं विचारायचं. नाहीतर पानाला हात लावून "कीड दिसतीय" म्हणायचं, कीड नसली तरी. चांगली आहे असं तोंडावर म्हणायचं नाही. म्हटलं की नजर लागते, आणि नजर लागली की आठ दिवसांत झाड बसतं. तान्ह्या लेकराला काळं म्हणायचं, नव्या सुनेला रोडकी म्हणायचं, भरलेल्या झाडाला मरतुकडं म्हणायचं. इथं माया करायची रीतच ती आहे. बाहेरच्या माणसाला वाटतं, काय कजाग बायका आहेत. त्याला वाटायचं ते वाटू दे.

फातिमाबी या कामात गल्लीत सगळ्यांच्या पुढं होती, आणि तिला तसं कारणही होतं. आयुष्यात तिनं दोनदा तोंड भरून कौतुक केलं आणि दोन्ही वेळा ते तिला महागात पडलं. पहिल्यांदा दारातल्या शेवग्याचं. असा शेवगा सबंध तालुक्यात नाही, असं ती नणंदेजवळ म्हणाली आणि त्याच आठवड्यात वावटळीनं शेवगा बुडातून मोडला. शेवग्याचं लाकूड ठिसूळच असतं, पण हे तिला कोण सांगणार? दुसऱ्यांदा नवऱ्याचं. ढोकीला नात्यातल्या एका लग्नात ती पंगतीत बोलून गेली, की आमच्या यांचं तीस वर्षांत कधी डोकंसुद्धा दुखलं नाही, माशाल्ला. चौथ्या दिवशी वजीर आपल्या शिलाईच्या दुकानात कापड बेतता बेतता खाली बसला तो उठलाच नाही. दवाखान्यात नेलं, जीव वाचला. पण उजवा हात लुळा पडला आणि बोलणं गेलं. बोलणं पुढं परत आलं, पण पहिल्यासारखं नाही.

वजीरचं स्वतःचं म्हणणं वेगळं होतं. डॉक्टरांनी बीपीच्या गोळ्या दिल्या होत्या, तो त्या घेत नव्हता, इतकी साधी गोष्ट. पण हे म्हणणं पुरं सांगायला त्याला दोन मिनिटं लागत, आणि दोन मिनिटं त्याच्यासाठी कुणी थांबत नसे.

सगळी अडचण इथंच होती. शब्द त्याच्या डोक्यात तयार असायचा, तो तोंडापर्यंत यायला वेळ लागायचा. तेवढ्यात समोरचा माणूस मायेपोटी त्याचं वाक्य पुरं करून टाकायचा. तो "च" म्हणायचा आणि सून यास्मिन धावत चहा आणायची. त्याला चष्मा हवा असायचा. तो चहा पिऊन टाकायचा. मुलगा मुजीब दुकानातून आला की विचारायचा, "अब्बा, बरं वाटतंय ना?" आणि उत्तराआधीच स्वतः मान हलवायचा. फातिमाबीही त्यातलीच. घरात शंभर कामं, कुठल्या बाईला सवड असते? वर्षभरात वजीरनं बोलणं सोडूनच दिलं. खुर्चीत बसायचा, वाढलं ते जेवायचा आणि माणसं बोलायला लागली की खिडकीकडं बघायचा.

पण शनिवारी साडेचारला टीव्हीवर 'परसदारी' लागायचं. बागकामाचा कार्यक्रम, तसा साधाच. तुळजापूरचे मार्तंडसर, शाळेतून निवृत्त झालेले मास्तर, जिल्ह्यात कुणाच्याही परसात जायचे, कधी तामलवाडीला, कधी आणखी कुठं, आणि एखाद्या आजारी झाडापुढं उकिडवे बसायचे. पान उलटं करून बघायचे. चिमटीत माती घ्यायचे. मग कॅमेऱ्याकडं न बघता, झाडालाच विचारल्यासारखं म्हणायचे, "काय झालं असंल याला?" आणि गप्प बसायचे. मागं संगीत नाही, काही नाही. कुठंतरी कावळा ओरडायचा, लांब मोटार चाललेली ऐकू यायची. कधी दहा सेकंद, कधी पंधरा. यास्मिनला पहिल्यांदा वाटलं, केबल गेली.

एका शनिवारी अशीच ती शांतता चालू होती. पडद्यावर कढीपत्त्याचं पिवळं पडलेलं रोप होतं. फातिमाबी परातीत भाकरीचं पीठ मळत होती. मागून आवाज आला, "पाणी… लई… झालं." तिनं वळून बघितलं. वजीर खुर्चीत पुढं झुकला होता. टीव्हीतले सर अजून पान चाचपत होते. मग त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, "पाणी जास्त झालंय याला." वजीर हसला. फातिमाबीला रडू आलं, डोळे तिनं पिठाच्या हातानंच पुसले.

तेव्हापासून दर शनिवारी हे ठरून गेलं. चार वाजले की वजीर शर्ट बदलून मागायचा. सर विचारायचे, सर थांबायचे आणि वजीर उत्तर द्यायचा. निम्म्या वेळा बरोबर यायचं. चुकलं की तो सरांशी वाद घालायचा, तोही आपल्या चालीनं, आणि सरही तोवर माती उकरत बसलेले असायचे. आठवड्यातून अर्धा तास त्या घरात वजीर नावाचा माणूस बोलायचा. फातिमाबीनं ही गोष्ट कुणाजवळ काढली नाही. काढली तर ते कौतुक झालं असतं, आणि कौतुकाला ती चळाचळा कापायची.

त्या वर्षी चॅनलनं प्रेक्षकांची मतं घ्यायचं काढलं. प्रतीक्षा नावाची एक पोरगी गावोगाव फिरत लोहाऱ्यात आली. शेजारच्या म्हाळसाबाईंच्या ओसरीवर तिनं गल्लीतल्या अकरा बायका जमवल्या आणि छापील कागद वाटले. निवेदकाची बोलायची पद्धत कशी वाटते? पुढं पाच चौकोन, 'फार आवडते' पासून 'अजिबात आवडत नाही' पर्यंत. एकाही बाईनं वरच्या दोन चौकोनांना हात लावला नाही. माणूस सगळ्यांच्या आवडीचा होता, म्हणून तर. शेवटचा चौकोन जरा जास्तच वाटला असता, म्हणून सगळ्यांनी चौथ्यावर खूण केली. वर तोंडानं सांगायला सुरुवात झाली. एकच शर्ट घालतो. लई हळू बोलतो. मातीचे हात धोतराला पुसल्यासारखे पँटीला पुसतो. म्हाळसाबाई म्हणाल्या, बायकोनं घरातनं हाकलला असंल, म्हणून लोकांच्या परसात बसतो. बायका हसून हसून लोळायला आल्या. त्या हसण्यात केवढी माया होती, हे लोहाऱ्यातल्या शेळीलासुद्धा कळलं असतं. प्रतीक्षानं मान खाली घालून सगळं लिहून घेतलं.

शेवटी तिनं मोबाइल फातिमाबीसमोर धरला आणि व्हिडिओसाठी दोन वाक्यं मागितली. फातिमाबीच्या मनात वजीर आला, खुर्चीत पुढं झुकलेला. जे सगळ्यात मोलाचं, त्यालाच सगळ्यात जपून नाव ठेवायला हवं. ती ऐटीत म्हणाली, "मधीच मुका व्हतो की ओ. माणूस जागा हाय का झोपला, काय कळत न्हाय."

तीन आठवड्यांनी, शनिवारी, कार्यक्रमाच्या आधी जाहिरात लागली. आधी फातिमाबी स्वतः पडद्यावर आली, डोक्यावरची ओढणी सारखी करत, आणि तेच वाक्य बोलली. मग मोठी अक्षरं आली, 'तुम्ही बोललात, आम्ही ऐकलं'. मग वैष्णवी नावाची एक चुणचुणीत मुलगी आली आणि एका दमात म्हणाली, की मैत्रिणींनो, येत्या महिन्यापासून नव्या रूपात 'परसदारी', पाच मिनिटांत पाच युक्त्या, गप्प बसणं बंद. मार्तंडसरांना निरोप देऊया, असंही ती म्हणाली, हसतच.

गल्लीतली दोन पोरं दारातून ओरडून गेली की चाची टीव्हीवर आल्या. यास्मिननं आवाज कमी केला. वजीर बायकोकडं बघत राहिला. त्याचे ओठ हलले, आणि त्या दिवशी पहिल्यांदाच फातिमाबी त्याच्यासमोर गप्प उभी राहिली, कारण ते वाक्य पुरं करायची तिच्यात हिंमत नव्हती.

"तू… का… असं…"

"नजर लागू न्हाय म्हणून," ती म्हणाली. तिला स्वतःलाच ते कसंतरी वाटलं.

त्यानंतर सर त्या दिवसाचा भाग घेऊन आले. वांग्याचं झाड होतं. सरांनी विचारलं, सर थांबले. वजीरनं उत्तर दिलं नाही. तो खिडकीकडं बघत होता.

रविवारी सकाळी फातिमाबीनं यास्मिनला प्रतीक्षाचा नंबर लावायला सांगितला. प्रतीक्षा नम्र होती. म्हणाली, काकू, जाहिरात लागली तरी बैठक गुरुवारी आहे, तिथं पक्कं होईल, पण चौदा गावांतून एकच मत आलंय, आणि तुमचं तर व्हिडिओवर आहे. फातिमाबीनं तिला नजरेचं समजावून सांगितलं. प्रतीक्षा म्हणाली, "दृष्ट मला माहितीय काकू, माझी आजीपण काढते. पण चॅनलच्या मॅडमना मी काय सांगू? फॉर्मवर तसा रकाना नाहीये." मग तिला जरा वाईट वाटलं असावं. बुधवारपर्यंत चांगलं मत व्हिडिओवर पाठवलंत तर मी मॅडमना दाखवीन, एवढा शब्द तिनं दिला.

फातिमाबी तडक म्हाळसाबाईंकडं गेली. आपण सगळ्या मिळून चांगलं बोलू, अकरा तोंडांतून नजर वाटली जाईल, असा तिचा हिशेब होता. म्हाळसाबाई शेंगा फोडत होत्या. त्यांना जाहिरात बघून धक्का बसला होताच. पण सरांचं नाव चांगलं घ्यायचं म्हटल्यावर त्यांनी सूप खाली ठेवलं.

"फातिमाबी, त्या माणसाच्या हृदयात स्प्रिंग बसवलीय, ठाव हाय का तुला? माझा भाचा तुळजापुरात हाय, त्यानं सांगितलं. काम गेलं तर घरी बसंल, भाकर खाईल. आन् आपण तोंड भरून चांगलं म्हटलं आन् त्याला काय झालं, तर ते कुणाच्या माथी?"

फातिमाबी उठली. बाकीच्या नऊ बायकांकडंही ती जाऊन आली. एकीनं सासरा आजारी असल्याचं सांगितलं, एकीनं उपवास असल्याचं. उपवासाचा आणि बोलण्याचा काय संबंध, हे तिनं विचारलं नाही. कुणाला सरांचं वाईट नको होतं, म्हणूनच कुणी चांगलं बोलायला तयार नव्हतं.

दोन दिवस ती घरात भूत लागल्यासारखी फिरली. सरांचं काम गेलं तर वजीरचा शनिवार जाणार, हे तिला दिसत होतं. शनिवार गेला की वजीर पुन्हा खिडकीतच बसणार, आणि या खेपेला कायमचा. आणि बोलायला तोंड उघडलं की तिला सर दिसायचे, कुणाच्या तरी परसात, वांग्याच्या झाडावर पालथे पडलेले. यास्मिन म्हणाली, अम्मा, आधी माशाल्ला म्हणा आणि मग बोला, की झालं. फातिमाबी तिच्यावर खेकसली. ढोकीच्या लग्नात मी काय म्हटलं होतं मग?

बुधवारी दुपारी तिनं नवी ओढणी घेतली आणि यास्मिनपुढं बसली. यास्मिननं मोबाइल धरला. पहिल्या खेपेला फातिमाबी म्हणाली, "सर तसे बरे हाईत, पण शर्ट…" यास्मिननं मोबाइल खाली घेतला. दुसऱ्या खेपेला 'पण' थोडा उशिरा आला. तिसऱ्या खेपेला ती मधेच उठून पाणी पिऊन आली. जीभ साठ वर्षांच्या वळणावर जात होती, तिला तरी काय म्हणणार? चौथ्या खेपेला तिनं डोळे मिटले.

"म्या फातिमाबी, लोहाऱ्याची. मागं म्या बोलले ते खरं न्हवतं. आमच्याकडं चांगल्याला चांगलं म्हणायची चाल न्हाय. माझ्या मालकाला बोलायला येळ लागतो. दवाखान्यात कुणी थांबत न्हाय, दुकानात थांबत न्हाय. म्या बी थांबत न्हाय. सर थांबत्यात. त्यांच्या गप्प बसण्यात माझ्या मालकाचं बोलणं मावतं. त्यांना काढू नगा. लई चांगला माणूस हाय."

डोळे उघडले तेव्हा यास्मिन मोबाइल खाली घेऊन दाराकडं बघत होती. आतल्या खोलीच्या दारात वजीर भिंतीला धरून उभा होता. तो कधी उठून आला कुणालाच कळलं नव्हतं. फातिमाबीला लाज वाटली. म्या बी थांबत न्हाय, हे त्यानं ऐकलं होतं.

व्हिडिओ गेला. मग खरी काळजी सुरू झाली. गुरुवारी सकाळी तिनं मीठ, मोहरी आणि लाल मिरच्या घेतल्या आणि ज्या माणसाला ती जन्मात भेटली नव्हती त्याची नजर काढायला बसली. माणूस समोर नाही, तर उतरवायचं कशावरून? तिनं बंद टीव्हीवरून सात वेळा उतरवलं आणि चुलीत टाकलं. मिरच्यांचा ठसका असा उठला की वजीर खोकून खोकून लाल झाला, पण हसत होता. दुपारी म्हाळसाबाई पेपर घेऊन आल्या. तुळजापूर रस्त्यावर जीप उलटली होती. दोघींनी मिळून सगळी नावं वाचली. सर त्यात नव्हते. तरी रस्ता तोच, हे म्हाळसाबाईंनी जाता जाता सांगितलंच.

शुक्रवारी प्रतीक्षाचा फोन आला. मॅडमनी व्हिडिओ तीनदा बघितला होता आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. सर राहणार. वैष्णवीला दुसरा कार्यक्रम देणार. "आणि काकू, मॅडम म्हणाल्या, हीच तर आपली खासियत आहे, आता हेच मोठं करू, उद्याच्या भागापासूनच, आज शूटिंग आहे." शेवटच्या वाक्याकडं फातिमाबीचं लक्षच गेलं नाही. तिचा जीव भांड्यात पडला, पण अर्धाच. उरलेला अर्धा शनिवारी साडेचारपर्यंत टांगून राहिला. चांगलं बोलून झालं होतं, आता कुठंतरी काहीतरी फुटणार होतं.

शनिवारी म्हाळसाबाईही येऊन बसल्या. वजीरनं इस्त्रीचा शर्ट घातला. साडेचारला संगीत वाजलं, आणि सर आले, जिते, धडधाकट, चालत. फातिमाबीनं छातीवर हात ठेवला. म्हाळसाबाई सवयीनं म्हणाल्या की वाळलाय जरा.

सरांच्या अंगात नवा केशरी शर्ट होता. ते लिंबाच्या झाडापुढं बसले, पण असे बसले की चेहरा कॅमेऱ्याकडं राहावा. पान उलटं केलं. "काय झालं असेल याला?" त्यांनी विचारलं, आपल्याकडं बघून. आणि ते थांबले. लगेच पडद्यावर अक्षरं आली, 'सर थांबले आहेत! तुम्ही सांगा!' घड्याळ टिकटिकायला लागलं. वजीर पुढं झुकला. "को…" त्यानं सुरुवात केली. टिक, टिक, टिक, घंटा वाजली, आणि सर हसून म्हणाले, "बरोबर! कोळी कीड!" पडद्यावर टाळ्या वाजल्या.

वजीरचं तोंड उघडंच राहिलं.

पुन्हा मिरचीच्या रोपाला तसंच झालं. पुन्हा जास्वंदीला. प्रत्येक वेळी तीन टिकटिक आणि घंटा. सर थांबायचे तेव्हा झाडाकडं बघत नव्हते. ते थांबून दाखवत होते. त्यांच्या डोळ्यांत भीती होती, शाळातपासणीच्या दिवशी मास्तरांच्या डोळ्यांत असते तशी. चौथ्या झाडाला वजीरनं तोंड उघडलंच नाही. त्यानं डाव्या हातानं खुर्चीचा हात धरला आणि खुर्ची खिडकीकडं वळवायला लागला. ती जड होती, फरशीवर घासत गेली. कुणी मदत केली नाही, कारण कुणाला ते बघवत नव्हतं.

"लागली," म्हाळसाबाई हळूच म्हणाल्या.

फातिमाबीलाही तेच दिसत होतं. ती माणसाच्या जिवासाठी भ्याली होती, रस्त्याला, हृदयातल्या स्प्रिंगला. पण तिनं कौतुक केलं होतं ते गप्प बसण्याचं. नजर नेमकी तिथंच लागली होती. आपलंच तोंड बांधून ठेवावं असं तिला वाटलं.

सोमवारी सकाळी साडेनऊला यास्मिनचा मोबाइल वाजला. यास्मिननं ऐकलं आणि डोळे मोठे करून फोन सासूपुढं धरला. आवाज बाहेर येईल असं बटण तिनं आधीच दाबलं होतं.

मार्तंडसर होते. नंबर त्यांनी प्रतीक्षाकडून घेतला होता. त्यांनी आधी व्हिडिओबद्दल आभार मानले. मग शेवग्याच्या शेंगांना हवा कशी आहे तिकडं, असं काहीतरी विचारलं. बोलायचं वेगळंच होतं हे कळत होतं. मग ते म्हणाले, "फातिमाबी, तुमच्या मालकांसाठी म्हणून मी मॅडमना सांगितलं, थांबायला जागा ठेवा. मी पंधरा सेकंद मागितले. त्यांनी तीन दिले. म्हणाल्या, त्याहून जास्त थांबलं तर लोक चॅनल बदलतात. मालकांना पुरतंय ना आता? जमतंय ना बोलायला?"

नाही म्हणावं, तर ते पुन्हा नाव ठेवणं झालं, आणि या खेपेला माणूस हातचा जायचा. छान जमतंय म्हणावं, तर ते खोटं, आणि वर कौतुक. सांगायचं तरी काय? ती नुसतीच "सर…" म्हणाली. मग तिला सुचलं ते तिनं केलं. ती खिडकीपाशी गेली आणि फोन वजीरच्या डाव्या हातात दिला.

"सर हाईत. इचारत्यात, पुरतंय का."

वजीरनं फोन तोंडासमोर धरला. त्यानं श्वास घेतला. शब्द नाही. बाहेर उमरग्याच्या जीपवाल्यानं माणसं गोळा करायला हॉर्न धरून ठेवला होता. स्वयंपाकघरात कुकरनं एक शिटी दिली. फातिमाबी मोजायला लागली आणि तिनं मोजणं थांबवलं. आता पलीकडून 'हॅलो, हॅलो' येणार, हे तिला ठाऊक होतं. सगळेच तसं करतात. भाऊ करतो, मुलगी करते, आणि मग वजीर फोन खाली ठेवतो. तिचं स्वतःचं तोंड उघडायला आलं होतं, वजीरचं वाक्य पुरं करायला. तिनं दातांत ओढणी धरली.

'हॅलो' आलं नाही. पलीकडं पक्षी ओरडत होता. कुणीतरी श्वास घेत होतं.

"तीन…" वजीर म्हणाला. बराच वेळ गेला. दुसरी शिटी झाली. "लई… कमी… पडत्यात."

पलीकडं काहीच आवाज नव्हता. यास्मिननं पुढं होऊन फोन बघितला, कट झाला का म्हणून. चालू होता.

"मलापण," सर म्हणाले. मग पुन्हा ते थांबले, चांगले दहा-पंधरा सेकंद. "मलापण कमीच पडतात, वजीरभाई. घरीसुद्धा आता झाडापुढं बसलो की मी मोजायला लागतो."

वजीर खुर्चीतच खिडकीकडून अलीकडं वळला आणि त्यानं फोन कानाला घट्ट लावला. त्याचे ओठ पुढच्या शब्दासाठी हलायला लागले. फातिमाबीच्या तोंडाशी आलं होतं, लई चांगला माणूस हाय म्हणून. तिनं ते गिळलं, यास्मिनला हात धरून बाजूला घेतलं आणि कुकर बंद करायला आत गेली.